तांदळातलं नाव

जहाजाच्या एजंटाच्या टेबलावर दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले होते आणि त्या दोन कागदांवर दोन बायका होत्या. पासपोर्टावर मालन जयवंत परब, आणि दारेसलामहून आलेल्या परमिटावर सुलक्षणा जयवंत परब. टेबलाच्या अलीकडे मात्र जाणारी बाई एकच बसली होती. तिची ट्रंक भरून तयार होती, आणि निम्म्या अंधेरीला ती आफ्रिकेला चालल्याचं सांगून झालं होतं.

कारकुनानं चष्म्यावरून एकदा कागदांकडे, एकदा मालनकडे पाहिलं आणि यातली नेमकी कोण बोटीवर चढणार, असं विचारलं. मालन तोंड उघडणार एवढ्यात शेजारून सासूबाईंनी उत्तर दिलं. दोन्ही एकच. लग्नात नाव बदललं. आमच्यात बदलतात, तुमच्यात नाही का बदलत?

कारकुनाच्या घरीही बदलत असावं, कारण तो नुसता हसला. त्याच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायकांची हीच रड असते, म्हणाला. माहेरचे लोक शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट काढतात, नवरा तिकडून आपण ठेवलेल्या नावानं परमिट पाठवतो, आणि बाई मधल्या मधे लोंबकळत राहते. उपाय अगदी सोपा. कोर्टात जायचं, मालन म्हणजेच सुलक्षणा असं अ‍ॅफिडेव्हिट करायचं, पासपोर्टावर तशी नोंद करून घ्यायची, की मोकळं. पुढची बोट महिनाअखेर होती आणि तेवढ्यात सगळं आटपेल अशी त्यानं ग्वाही दिली.

"परमिटच बदलून मागवलं तर?" मालननं विचारलं. "माझं नाव मालन आहे. चूक तिकडची आहे."

कारकुनानं मान हलवली. परमिट म्हणजे साहेबाच्या राज्यातला कागद. हल्ली तिकडे नव्या माणसांना आत घ्यायला कुरकुर चालू आहे. एकदा परत पाठवलेला कागद फिरून येईलच याचा भरवसा नाही. पासपोर्ट आपल्या घरचा, तेव्हा जे आपल्या हातात आहे तेच बदलावं, हा त्याचा सल्ला होता आणि तो सल्ला त्यानं वर्षानुवर्षं देऊन गुळगुळीत केला होता.

यात न पटण्यासारखं काही नव्हतं. तरी मालनला पटलं नाही. घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात ती चार वर्षं नर्स होती. तिथं येणाऱ्या बाईला नाव विचारलं की ती कळा सोसत सोसत सांगायची, लिवा, गणपतची बायको. मालन पेन खाली ठेवायची आणि म्हणायची, गणपतला कळा येत नाहीत, तुझं नाव सांग. अशा बाईला कुणी तुझं नाव सोड म्हटलं तर तिच्या कपाळाला आठी पडणारच. पण सासूबाईंनी बाहेर पडता पडता गुरुवार ठरवूनही टाकला. वांद्र्याच्या कोर्टाबाहेर त्यांच्या ओळखीचा एक टाइपिस्ट बसत होता.

नाव बदललं हे खरंच होतं. जयवंत परब दारेसलामला एका लाकडाच्या कारखान्यात फिटर होता. बिजवर. पहिली बायको काविळीनं गेली होती, मूलबाळ नव्हतं. रजा काढून आला, मालनला पाहिली, आणि मुलगी नर्स आहे म्हटल्यावर तिकडे आपल्या लोकांत अशा बाईची फार गरज आहे असं आपण होऊन बोलला. मालनच्या वडिलांना, धाकू सावंतांना, एवढं पुरेसं होतं. मालनलाही तो आवडला. सरळ बघत होता, हळू बोलत होता, आणि उगाच मोठेपणा सांगत नव्हता.

लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि जयवंतनं सोन्याच्या अंगठीनं त्यात नाव काढलं, सुलक्षणा. काढण्याआधी त्यानं एकदा मान वर करून आईकडे पाहिलं होतं. मालनला वाटलं, ठरलेलं नाव विसरला असेल बिचारा. बायांनी ताटाभोवती गर्दी केली, पेढे वाटले गेले. मग सासूबाईंनी तिच्या गळ्यात काळ्या मण्यांबरोबर चांदीचा एक छोटा टाक बांधला. अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. ही पहिली. दुसरेपणावर आलेलीनं पहिलीला गळ्यात वागवायचं, म्हणजे ती कोपत नाही. मालनला त्याचं काही वाईट वाटलं नव्हतं. उलट संसार न करता गेलेल्या त्या बाईची तिला कीवच आली होती.

जयवंत रजा संपवून गेला आणि अंधेरीच्या घरात तिला सुलक्षणा म्हणून कुणी एकदाही हाक मारली नाही. सासूबाई तिला 'नवी' म्हणायच्या आणि गेलेलीचा विषय निघालाच तर 'थोरली'. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात शिजले आणि त्यांच्याबरोबर ते नावही पोटात गेलं, अशी मालनची समजूत झाली होती.

गुरुवारच्या आदल्या दिवशी ती विक्रोळीला गेली. थोरलीच्या आईचा, शेवंतीबाईचा निरोप घ्यायचा राहिला होता. परब-सावंतांच्या रीतीनं पहिलीचे आईबाप दुसरीला लेक मानतात. सणावाराला बोलावतात, साडी-चोळी करतात. पुष्कळ घरी हे नावापुरतंच असतं. पण मालनची आई ती लहान असतानाच वारली होती आणि शेवंतीची एकुलती लेक गेली होती, त्यामुळे या दोघींचं खरोखरच जमलं होतं. मालन तिला मालवणी रीतीनं 'आये' म्हणायची. कारखान्यांच्या मागं, खाडीच्या अंगाला त्यांची चाळ होती. आलं की शेवंती आधी जेवायला वाढायची आणि मग ख्यालीखुशाली विचारायची.

त्या दिवशीही जेवणं झाल्यावर शेवंतीनं खण-नारळ काढला, सुपलीत तांदूळ घेतले आणि मालनला पाटावर बसवलं. ओंजळ भरून ती ओटीत तांदूळ घालणार, तेवढ्यात मालननं सहज सांगितलं, की उद्या कोर्टात जायचं आहे. परमिटावर माझं सुलक्षणा नाव पडलंय, तेच आता कायमचं लावून घ्यायचं म्हणतात.

शेवंतीची ओंजळ तशीच वर राहिली.

"सुलक्षणा?" ती म्हणाली. "सुलक्षणा तर आमची प्रेमा."

मालनला काही उमगेना. शेवंतीनं तांदूळ परत सुपलीत टाकले आणि ती समोर जमिनीवर बसली.

"गे चेडवा, माझ्या प्रेमाक लग्नात ह्यांच नाव ठेवल्यानी. सुलक्षणा. जयवंतानच लिवल्यान तांदळात, माझ्या डोळ्यांदेखत. आणि तां परमिट प्रेमाचां. ती वाट बघून बघून गेली आणि मगे इलां. माका वाटलां, फाडून टाकल्यानी आसतीत."

हळूहळू सगळं मालनच्या ध्यानात आलं. आणि ध्यानात आल्यावर तिला कुणाच्या तरी हुशारीची दाद द्यावी की थोबाडीत मारावी, हेच कळेना. बायकोच्या नावाचे तीन तुकडे. त्यातले शेवटचे दोन, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, नवऱ्याचेच. उरला पहिला तुकडा, तो ठेवायचाही मान नवऱ्याकडे. मग एक बायको गेली आणि दुसरी आली, तरी कागदाला त्याचा पत्ता कसा लागावा? परमिट आलं तेव्हा ज्या बाईसाठी ते मागवलं ती जळून राख झाली होती. नवं मागवायचं तर पुन्हा खेटे, पुन्हा वाट, आणि मिळेल याची खात्री नाही. त्यापेक्षा नवी बायको आणायची आणि तिलाच सुलक्षणा करायची. तांदळाचं ताट, अंगठी, पेढे, सगळं शास्त्रानं. कुणाला वावगं वाटायचं कारणच नाही. फक्त मालनच्या भावानं तिचा पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून, मालन नावानं काढून ठेवला होता, आणि तेवढ्यानंच सगळा बेत अडला होता.

मालनला राग आला, पण त्याच्या आधी भीती वाटली. ती बोटीवर चढणार होती, दारेसलामला उतरणार होती, तिथं राहणार होती, आणि हे सगळं एका मेलेल्या बाईच्या नावानं.

"आये, तिकडे मी मेले तर कोण मेलं म्हणून लिहितील?" तिनं विचारलं.

शेवंती पदरानं डोळे पुसत होती. प्रेमा इथं विक्रोळीलाच गेली होती, माहेरी, औषधपाण्याला आणलेली असताना. मसणवटीत नाव विचारलं तेव्हा तिच्या बापानं आपल्या तोंडात बसलेलं नाव सांगितलं, प्रेमा. म्हणजे दप्तरात प्रेमा मेली होती. सुलक्षणा मेल्याचं जगात कुठंच लिहिलेलं नव्हतं. सुलक्षणा अजून जिवंत होती आणि तिला फक्त एक अंग हवं होतं.

उद्या माझ्याबरोबर कोर्टात ये, असं मालननं म्हटल्यावर शेवंती घाबरली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, साहेबापुढं बोलता येत नव्हतं, आणि परबांशी वाकडं घेणं तिच्या जिवावर आलं होतं. जयवंत लेकासारखा. प्रेमाच्या वेळी रजा काढून येऊन रात्रंदिवस उशाशी बसला होता. मालननं आग्रह केला नाही. ती उठली, आणि आपली ओटी न भरताच पाटावरून उठली हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. दारापर्यंत पोचली तेव्हा शेवंती पाठीमागून म्हणाली, "येतंय मी."

अंधेरीला पोचली तेव्हा सासूबाई मोरीशी बसून कोलंबी सोलत होत्या. मालननं चपला काढायच्या आधीच विचारलं, की परमिट थोरलीचं आहे का?

सासूबाईंनी हात थांबवला नाही, आणि त्या खोटंही बोलल्या नाहीत. त्यांचं एक मालनला नेहमीच बरं वाटायचं, की त्या लपवाछपवी करत असल्या तरी पकडल्यावर कांगावा करत नसत. शेवंतीनं सांगितलं होय, एवढंच म्हणाल्या, आणि मग आपली बाजू मांडायला लागल्या. त्यांचा मुलगा परमुलखात एकटा स्टोव्ह पेटवून खातोय. त्या एका कागदासाठी त्यानं साहेबाच्या दारात किती हेलपाटे घातले. कागद आला तर बायको गेली. दुसऱ्यांदा देतील म्हणून कोण सांगतं? शेजारच्या नाईकांची सून नाही का अजून देवगडला बसलीय, पोरगं चालायला लागलं तरी? कागद वाया घालवायचा म्हणजे मस्तीच.

"मी कुणाचं चोरलं का?" त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेचं परमिट होतं, माझ्या सुनेला दिलं. गळ्यात घालून फिरतेस ना तिला? मग कागदावर असली तर तुझं काय बिघडतं?"

मालनचा हात आपोआप टाकाकडे गेला. क्षणभर तिला वाटलं, या बाईचं अगदीच खोटं नाही. पोटातून बोलतेय, मुलासाठी बोलतेय. पण मग त्या तांदळाच्या ताटाची आठवण झाली आणि तिचा आवाज चढला.

"गळ्यात मी घातलीय तिला. जिथं जाईन तिथं नेईन. पण तिच्या जागी नाही जाणार."

मग मालननं खरं विचारायचं ते विचारलं. यांना ठाऊक होतं? सासूबाईंनी सोललेली कोलंबी पाण्यात टाकली. त्यानंच तर लिहिलं नाव, तो काय कुक्कुलं बाळ आहे, असं त्या म्हणाल्या. ताटावर वाकलेला जयवंत, त्याची वर झालेली मान आणि आईकडे गेलेली ती नजर मालनला आठवली. म्हणजे तो विसरला नव्हता. त्याला सगळं आठवत होतं. ही गोष्ट मात्र तिच्या मनाला फार लागली. मोरीच्या उंबऱ्याशी ती तशीच उभी राहिली आणि तिला रडू आलं. रडू आल्याचा तिला आणखी राग आला.

उद्या सही कर, नाहीतर बोट गेली समज, सासूबाई म्हणाल्या. मग बस घाटकोपरला लोकांची बाळंतपणं काढत.

गुरुवारी कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली टाइपिस्टानं कागद तयारच ठेवला होता. साक्षीदार म्हणून धाकू सावंत आले होते, धुतलेला सदरा आणि काळी टोपी घालून. मालननं त्यांना सकाळीच सगळं सांगितलं होतं आणि ते ऐकून म्हातारा सुन्न झाला होता. पण सुन्न झाला तरी तो मुलीचा बाप होता. लेक नांदायला जायच्या ऐवजी घरी परत येणार ही कल्पनाच त्याला सोसवत नव्हती. त्यानं तिला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "चेडवा, सई कर आणि जा. मायेन हाक मारूक आम्ही आसंव मा मालन म्हणाक."

मालनला वडिलांची फार दया आली. तिनं त्यांचा हात हातात घेतला, पण मान नकारार्थीच हलवली.

टाइपिस्टानं कागद वाचून दाखवायला सुरुवात केली. मी, मालन ऊर्फ सुलक्षणा जयवंत परब, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की. तिनं त्याला तिथंच थांबवलं. हा कागद राहू दे, म्हणाली, दुसरा घाला. तो सासूबाईंकडे बघायला लागला. त्यांच्याकडे बघू नका, कागद मी करतेय, असं मालननं सांगितलं, तेव्हा कुठं त्यानं यंत्रात नवा कागद सरकवला आणि थोरली मयत असल्याचा मजकूर मालन सांगू लागली. आसपासच्या छपरांखालचे लोक माना वळवून ऐकू लागले होते.

तेवढ्यात फाटकातून शेवंती आली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती आणि इतकी घाबरली होती, की आल्या आल्या तिनं बाकाचा कठडा धरला. आपल्या विहीणबाईंकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. टाइपिस्टानं विचारलं, की मयत बाईचं नाव काय घालायचं.

"सुलक्षणा जयवंत परब," सासूबाई चटकन बोलल्या. आता कागद होणारच असेल तर निदान घराण्याच्या नावानं व्हावा, असं त्यांना वाटलं असेल.

"प्रेमा," शेवंती म्हणाली. "पयलां प्रेमा लिव. सुलक्षणा मागसून."

टाइपिस्टानं तसं लिहिलं. विक्रोळीला राहणारी शेवंती हिची मुलगी प्रेमा, लग्नानंतर जिचं नाव सुलक्षणा जयवंत परब ठेवलं, ती मयत झाली आहे. मालन ही जयवंत परब याची दुसरी पत्नी, तिचं नाव मालन हेच आहे, आणि ती सुलक्षणा नव्हे. एवढाच मजकूर. आत मॅजिस्ट्रेटपुढं शेवंतीनं अंगठा उठवला. ते साहेब भले गृहस्थ होते. बाई निरक्षर आहे हे पाहून त्यांनी विचारलं, की यात काय लिहिलंय ते तुम्हांला नीट समजलं ना?

"माझी लेक मेली," शेवंती म्हणाली, "हां माका समाजणार नाय?"

साहेबांनी पुढं काही न विचारता शिक्का मारला.

बाहेर आल्यावर सासूबाई मालनच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. राग होताच, पण त्यापेक्षा हातात आलेला घास गेल्याचं दुःख जास्त होतं.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या. "तिला दुसऱ्यांदा मारलंत."

"दुसऱ्यांदा नाही, आई," मालन म्हणाली. "आजवर तुम्ही तिला मरूच दिलं नव्हतं."

तिथून मालन अंधेरीला गेली ती फक्त ट्रंक आणायला. अ‍ॅफिडेव्हिटची एक प्रत तिनं जयवंतला पाठवली आणि सोबत दोन ओळी लिहिल्या. मला न्यायचं असेल तर माझ्या नावानं न्या. दुसऱ्या कुणाच्या नावानं बोलवायचं असेल तर ती बाई आता येऊ शकत नाही, कागद सोबत आहे. मायेचे चार शब्द लिहावेत असं तिला वाटत होतं, पण रागावर तो मुलामा देणं तिला जमलं नाही.

महिनाअखेर बोट गेली. मालन तेव्हा घाटकोपरच्या प्रसूतिगृहात कामावर होती. मेट्रननं तिला परत घेतलं होतं, कारण हात कमी होते आणि बाळंतिणी जास्त. वडिलांच्या चाळीत मात्र लोकांची तोंडं बंद होईनात. नावासाठी कुणी संसार मोडतं का, असं जिन्यावर, नळावर, जिथं तिथं बायका बोलत. एकीनं तोंडावरच विचारलं, तेव्हा मालननं सांगितलं, मोडला नाही, अडलाय. पुढचं नवऱ्याला विचारा. धाकू सावंत संध्याकाळी गॅलरीत बसून पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावायचे आणि पोस्टमन येऊन गेला की विडी शिलगावायचे. तिला ते बघवत नसे. रात्री पडल्या पडल्या कधी वाटायचं, केली असती सही तर काय झालं असतं? मग हात टाकाकडे जायचा आणि काय झालं असतं ते तिला स्पष्ट दिसायचं.

गणपती गेले, दसरा झाला, आणि जयवंतचं पत्र आलं.

त्यानं लिहिलं होतं, की अ‍ॅफिडेव्हिट मिळाल्यावर तो बरेच दिवस ते ट्रंकेत ठेवून होता. मग एक दिवस रजा टाकून साहेबाकडे गेला आणि मेलेल्या बायकोचं परमिट आपल्याकडे आहे असं त्यानं सांगून टाकलं. साहेबानं त्याला चांगलंच फैलावर घेतलं, परमिट रद्द केलं, आणि त्याला स्वतःला परत पाठवायचीही धमकी दिली. कारखान्याच्या मालकानं शब्द टाकला म्हणून निभावलं. नवा अर्ज भरताना तिथल्या बाबूनं विचारलं, बायकोचं नाव काय? जयवंतनं लिहिलं होतं, आईकडे बघायला आई तिथं नव्हती, म्हणून मला मीच सांगावं लागलं. मालन. इतक्या दिवसांत हे नाव मी मोठ्यानं पहिल्यांदाच घेतलं.

मालननं पत्र पुन्हा वाचलं. राग गेला नाही. इतक्यात जाऊ द्यायचाही नव्हता. तो बरोबर नेऊन समोरासमोर काय ते बोलायचं, असं तिनं ठरवलं. पण बरोबर नेण्यासारखं आणखीही काही, त्यानं मोठ्यानं घेतलेलं तिचं नाव, आता तिच्यापाशी होतं आणि तिला त्या रात्री लवकर झोप लागली.

परमिट अंधेरीच्या पत्त्यावर आलं. ते घेऊन सासूबाई एकट्या घाटकोपरला आल्या आणि थेट प्रसूतिगृहात शिरल्या. दारावरच्या आयाला त्यांनी सांगितलं, आमच्या नवीला बोलाव. इथं नवी कुणी नाही, सगळ्या जुन्याच आहेत, आया म्हणाली, नाव सांगा. सासूबाई म्हणाल्या, माझी सून. अहो, पण सुनेला नाव असेल ना काहीतरी? मालन आतल्या खोलीत एका पोराला अंघोळ घालत होती आणि तिला दारातलं सगळं बोलणं ऐकू येत होतं. ती मुद्दामच गप्प राहिली.

"मालन," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "मालन परब."

मग मालन हात पुसत बाहेर आली. सासूबाईंनी कागद तिच्या हातात दिला, बघ, तुझंच आहे ना, असं म्हणाल्या आणि बाकावर टेकल्या. तिनं त्यांना चहा पाजला. जयवंतसाठी कोकमं आणि कुळथाचं पीठ किती न्यायचं यावर दोघी बराच वेळ बोलल्या. दुसरा कुठला विषय दोघींनीही काढला नाही.

जायच्या आदल्या दिवशी मालन विक्रोळीला गेली. मागं राहिलेली ओटी शेवंतीनं या वेळी भरली.

बंदरात कागद तपासणाऱ्यानं पासपोर्ट आणि परमिट शेजारी-शेजारी धरलं, दोन्हींवरचं नाव वाचलं आणि काही न विचारता शिक्का मारला. पुढच्या टेबलाशी बायकांचे दागिने बघायला एक बाई बसली होती, कारण सोनं-चांदी किती नेता याची नोंद ठेवायची असते. बांगड्या झाल्या, मंगळसूत्र झालं. मग तिचं लक्ष मण्यांमधल्या टाकाकडे गेलं. ती आपल्या मुलखातली नसावी, तिला ते काय आहे कळेना. हे कोण, देवी आहे का, असं तिनं पेन उचलून विचारलं.

"देवी नाही. ही प्रेमा," मालन म्हणाली. "लिहायचं असेल तर तेच नाव लिहा. सुलक्षणा नावाचं आमच्यात कुणी नाही."